खिशातले हात

आमच्या दाजींचे हात खिशात गेलेले मी पंचवीस वर्षांत पाहिले नव्हते. जेवताना, भांडताना, बातम्या ऐकताना ते हात आपले चालूच. ताई स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढायला लागली की हे खाली उभे राहून दोन बोटं हलवणार, म्हणजे अजून थोडं, अजून थोडं, बास. ताई वैतागून म्हणायची, "अहो, मी बायको आहे, क्रेन नाही."

त्यांचा तरी काय दोष? लोखंडाच्या यार्डात क्रेनला हाताने खुणा करायचं काम ते एकतीस वर्षं करत होते. क्रेन चालवणारा उंच काचेच्या खोलीत बसतो. खालचं त्याला धड दिसत नाही. खाली उभा असलेला माणूस जो हात दाखवेल तेवढ्यावर त्याने विश्वास ठेवायचा. दहा टनांची तुळई दाजींच्या करंगळीवर चालते, असं यार्डातले लोक म्हणत. दाजी स्वतःही म्हणत, जरा जास्तच वेळा म्हणत.

मी टेलर आहे. माझा धंदा अर्ध्या इंचाचा, आणि दाजींच्या लेखी ते काही काम नव्हेच. "तुझं चुकलं तर शिवण उसवायची," ते मला चारचौघांत ऐकवायचे, "माझं चुकलं तर माणूस उसवतो." मी मनातल्या मनात त्यांच्या ढगळ पँटींना नावं ठेवायचो. त्या पँटी मीच शिवलेल्या असायच्या, ही गोष्ट वेगळी.

नऊ वर्षांपूर्वी दाजींनी चारही चाकं ओढणारी एक जुनी गाडी घेतली, आणि घरात स्वस्थ बसू न शकणाऱ्या लोकांचा एक गट जमवला. सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या दगडी वाटांवर गाड्या चढवायच्या आणि जीव मुठीत धरून उतरवायच्या. माझं लग्न झालेलं नाही, दुकान सोडून मला दुसरा उद्योग नाही, तेव्हा मीही त्यात ओढला गेलो. अशा वाटेवर चालवणाऱ्याला स्वतःची चाकं दिसत नाहीत, समोर नुसतं आकाश दिसतं. म्हणून कुणीतरी गाडीपुढे उलटं चालत हाताने वाट दाखवायची असते. ते काम अर्थात दाजींचं.

त्यांचा नियम एकच होता. चाकापुढे एकच हात. एक जण वाट दाखवत असताना बाकी सगळ्यांनी हात खिशात घालायचे, बायकांनी ओढणीत गुंडाळायचे, पण हलवायचे नाहीत. सहज कुणी माशी हाकलली तरी दाजी गाडी थांबवून त्याचा उद्धार करत. हा नियम कुठून आला हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. यार्डात फार वर्षांपूर्वी एका तुळईला दोघांनी एकदम दोन वेगवेगळे हात दाखवले. तुळई फिरली आणि त्यांच्या मित्राचा पाय गेला. "त्यातला दुसरा हात माझा होता," दाजी म्हणाले होते, आणि लगेच त्यांनी विषय बदलला होता.

त्या नियमाला एक अपवादही यार्डातूनच आला होता. दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली की 'थांबा'. ती खूण कुणीही, केव्हाही करावी. नऊ वर्षांत दाजींच्या हातावर कुणी फुली मारली नव्हती. मारायची गरजच पडली नव्हती.

गेल्या वर्षी उन्हाळा संपता संपता आम्ही चार गाड्या घेऊन निघालो. दातांची डॉक्टर तिच्या बुटक्या गाडीत, मी माझ्या खटाऱ्यात, ताई दाजींच्या गाडीत, आणि नव्याने गटात आलेला बेकरीवाला. त्याची गाडी कोरी करकरीत, आमच्या गाड्यांपेक्षा चांगली वीतभर रुंद. तो पहाटे तीनला उठून पाव भाजणारा माणूस, गाडीतही कणकेचा वास. मागच्या सीटवर त्याची आई बसली होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, पण मुलगा डोंगरात मरायला चाललाय तर मीही येते, असं म्हणून ती आली होती. तिच्या मांडीवर संत्र्यांची पिशवी होती.

खिंडीच्या तोंडाशी आम्ही थांबलो. दगडांवर टायर नीट बसावेत म्हणून तिथे सगळे चाकांतली हवा कमी करतात. दाजी हवा मोजायचं गेज घेऊन बेकरीवाल्याच्या चाकाशी उकिडवे बसले. गेज वॉल्व्हवर टेकवायला गेले, चुकलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा शेजारीच. मी हसून म्हटलं, "दाजी, गेजला चष्मा लावून द्या."

एरवी त्यांनी मला व्याजासकट परत दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसता डाव्या हाताच्या बोटाने वॉल्व्ह चाचपला, बोट तसंच ठेवलं आणि बोटाच्या आधाराने गेज बसवलं. माझं हसू तिथेच गेलं. दुकानात म्हातारे कारीगर सुई अशीच ओवतात, बोटाने. मी गुपचूप माझी किल्ली काढली आणि म्हटलं, "दाजी, झेला." किल्ली त्यांच्या छातीवर आपटून खाली पडली. हात वर आला होता, पण किल्ली पडून गेल्यावर.

मी ताईला गाडीमागे गाठलं. "दाजींच्या डोळ्याला काय झालंय?"

लहानपणी मी तिची वही फाडली होती तेव्हा पाहिलं होतं तशा नजरेने ताईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "उजव्याने काही दिसत नाही. काचबिंदू आहे. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर."

"कधीपासून?"

"मला कळून चार महिने झाले. त्यांना कधीपासून, ते त्यांनाच ठाऊक."

"आणि तरी तू त्यांना गाड्या उतरवू देणार?"

"हळू बोल. सोमवारी यार्डात डोळ्यांची तपासणी आहे. ते काम जाणार, त्यांना पक्कं माहितीय. मला म्हणाले, एवढ्या एकदा जिन्यावरून गाड्या उतरवू दे, मग मीच सगळ्यांना सांगतो. अठरा वेळा उतरवल्यात रे त्यांनी. पाठ आहे त्यांना."

"ताई, पाठ असणं वेगळं आणि दिसणं वेगळं."

"तू बोलू नकोस. तुला माझी शपथ आहे."

मी बोललो नाही. शपथेवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर माझीही जीभ रेटेना. ज्या माणसाने मला चालायचं सोडून सगळं शिकवलं, त्याला चार लोकांसमोर आंधळा कसं म्हणायचं? उगाच देवावर हवाला ठेवून मी गाडीत बसलो.

आमचा गट ज्याला जिना म्हणतो तो म्हणजे उतारावरच्या सात दगडी पायऱ्या. एकेक पायरी गुडघ्याएवढी. उजवीकडे सरळ कडा, डावीकडे काहीच नाही. खाली कुठेतरी ओढा आहे, त्याचा आवाजही वर येत नाही. एकदा पहिली पायरी उतरली की गाडी वळवायला जागा नसते. म्हणून दाजी दर वेळी सगळ्यांना आधी पायी खाली नेत आणि एकेक दगड लाथ मारून दाखवत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "पाठ आहे मला. ऊन चढायच्या आत उतरू." बेकरीवाल्याला बिचाऱ्याला काय कळणार? डॉक्टरीणबाईंनी भुवया उचलल्या आणि हातमोजे चढवले.

त्यांची गाडी पहिली गेली. पाचव्या पायरीवर गाडीचं पोट दगडावर असं आपटलं की मला वाटलं डॉक्टरीणबाईंचेच दात पडले. दाजी हसले, "चालतंय, चालतंय!" नऊ वर्षांत त्या पायरीवर त्यांनी कुणाचं पोट आपटू दिलं नव्हतं.

मग माझा नंबर. समोर आकाश, आकाशाच्या खालच्या टोकाला दाजींचं डोकं आणि त्यांचे दोन हात. चालवणाऱ्याने फक्त हातांकडे बघायचं असतं. आरशात बघायचं नाही, दरीकडे बघायचं नाही. मी बघितलं. काय करणार, मला सगळं माहीत होतं. प्रत्येक पायरीला पुढचं चाक खाली जाई, मागचं अंतराळी राही. ते हात मात्र नेहमीसारखे सावकाश, ठाम, जराही न थरथरणारे. त्या हातांना आपल्या मालकाचा एक डोळा गेल्याचा पत्ताच नव्हता. सातवी पायरी उतरून मी सपाटीवर गाडी लावली, तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि माझ्या बाहेरच्या टायरला हातभर लांब चरा पडला होता.

मी खिशात हात घालून परत वर चढलो आणि चौथ्या पायरीपाशी कड्याला पाठ लावून उभा राहिलो. बेकरीवाला दुसरी पायरी उतरला होता. तिसऱ्या पायरीशी कड्यातून एक खडक बाहेर आलेला आहे. आमच्या अरुंद गाड्या त्याच्या शेजारून निघतात. त्याची रुंद गाडी घासणार होती, म्हणून दाजी ती दरीच्या बाजूला घेत होते. डावा पंजा कड्याशी, उजवा पंजा दरीकडे, अजून थोडं, अजून थोडं. बरोबरच होतं. त्या बाजूला जेवणाच्या टेबलाएवढी एक शिळा होती. तिच्यावर बाहेरचं चाक आरामात बसतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी सहज वर पाहिलं. शिळा नव्हती.

जिथे ती होती तिथला दगड फिका दिसत होता, ताज्या मोडलेल्या पावासारखा. मागच्या पावसाळ्यात कधीतरी ती सुटून खाली गेली असणार. वरून ते कळत नव्हतं. कळलं असतं ते पायी उतरून पाहणाऱ्याला, किंवा दोन डोळ्यांनी पाहणाऱ्याला. दाजी त्यांच्या आठवणीतल्या शिळेवर गाडी चढवत होते.

अजून थोडं. चाकाची कड दगडाच्या कडेला आली.

माझे हात खिशातच. आज लिहितानाही मला त्याची लाज वाटते. फुली मारायला क्षण पुरतो, पण त्या क्षणात मला शपथ आठवली, यार्ड आठवलं, सोमवार आठवला, आणि फुली मारली की दाजींचं सगळं संपलं हे आठवलं. चाक पुढे सरकलं. मग मागच्या दाराच्या काचेतून मला संत्रं सोलणारे दोन हात दिसले.

मी दोन्ही हात वर नेऊन फुली मारली. "थांबा! थांबा!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. इंजिनाच्या घरघरीत कुणाला ऐकू जाणार? आणि बेकरीवाला माझ्याकडे बघेचना. कसा बघेल? सकाळीच दाजींनी त्याला दम भरला होता, माझ्या हातांशिवाय कुठे बघशील तर याद राख. गुणी विद्यार्थी! त्याची नजर दाजींच्या पंजांवर खिळली होती आणि पंजे सांगत होते, अजून थोडं.

मी धावलो. दाजींच्या आणि गाडीच्या मधे जाऊन उभा राहिलो, दाजींचे हात माझ्या पाठीमागे झाकले गेले आणि बेकरीवाल्याने घाबरून करकचून ब्रेक मारला. गाडी हिसका खाऊन थांबली. बाहेरच्या चाकाखालून दोन-चार खडे निघाले आणि खाली पडले. त्यांचा आवाज आलाच नाही.

"बाजूला हो!" दाजी गरजले. "अक्कल गहाण ठेवलीस का? चाकापुढे येतोस?"

"दाजी, शिळा नाहीये तिथे."

"कुठली शिळा?"

"तिसऱ्या पायरीची. पडलीय ती. चाक अर्धं हवेत आहे."

त्यांनी त्या बाजूला पाहिलं. आधी सरळ, मग मान वळवून डाव्या डोळ्याने. मला ढकलून ते चाकापाशी गेले आणि कडेशी गुडघे टेकून बसले. शिळा जिथे असायला हवी तिथे त्यांनी हात टेकवला. हात खाली गेला. मनगट गेलं, कोपर गेलं, आणि ते तोल जाऊन पडतील म्हणून मी त्यांचा पट्टा धरला. हात हवेत तसाच लोंबत राहिला. बेकरीवाला आत पांढराफटक पडून बसला होता. मागून त्याच्या आईचा आवाज आला, "पोचलो का रे? उतरू का मी?"

"काकू, हलू नका!" आम्ही दोघे एकदम ओरडलो.

ताई वर तिच्या गाडीत होती. दाजींच्या गाडीला पुढे दोर गुंडाळणारं यंत्र आहे, आणि ते ताई दाजींपेक्षा बरं चालवते. तिने काही विचारलं नाही. दोर सोडला, बेकरीवाल्याच्या गाडीच्या मागच्या कडीत अडकवला आणि इंच इंच करत गाडी हातभर मागे खेचली. दोर एकदा करकरला. चाक दगडावर आलं. खालून चढून आलेल्या डॉक्टरीणबाई आणि मी दगड आणून ती रिकामी जागा भरायला लागलो. दाजी कड्याला टेकून उभे होते. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं आणि सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडेच होतं.

जागा भरून झाली तसे ते पुढे आले. मला वाटलं आता माझी कंबख्ती भरली.

"मला उजव्या डोळ्याने दिसत नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हे मी सकाळी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. या माउलीला मी खाली घातलं असतं." मग माझ्याकडे वळले. "आता तू दाखव."

"मी? दाजी, मला काय येतंय?"

"अर्धा इंच दिसतो ना तुला? जन्मभर लोकांच्या कमरा मोजल्यास. हा दगड मोज."

आणि त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं की त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मी चाकापुढे उभा राहिलो. हात वर केले आणि ते आपोआप दाजींसारखे चालायला लागले. इतकी वर्षं तेच तर पाहिलं होतं. बेकरीवाल्याने माझ्या पंजांवर डोळे लावले. खडकापासून दोन बोटं, भरलेल्या दगडांवर चाक, दाबलं गेलं, टिकलं. चौथी, पाचवी, सहावी. सातवी उतरल्यावर तो दार उघडून बाहेर आला, जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याची आई म्हणाली, "एवढं काय झालं रडायला?" आणि तिने सगळ्यांना संत्र्याच्या फोडी दिल्या.

शेवटी ताईची गाडी राहिली. मी दाजींना म्हटलं, "हिची तरी तुम्ही उतरवा. तुम्हाला तिची सवय आहे, तिला तुमची."

"तिचीही तूच," ते म्हणाले आणि माझ्या मागे, थोडे खाली, कड्याला लागून उभे राहिले.

ताई पहिली पायरी उतरली. तिने नऊ वर्षांत दुसऱ्या कुणाच्या हातावर गाडी चालवली नव्हती. मी हात वर केला, ती आली. मी पंजा दाखवला, ती थांबली. भराव दुसऱ्यांदा वजन घेईल का, या एका गोष्टीने माझा जीव टांगणीला लागला होता. ताईचं चाक त्यावर आलं, एक दगड कुरकुरला, गाडी दरीकडे बोटभर झुकली. मी उलटं पाऊल टाकताना पायाखाली बघायला मान वळवली, आणि मला दाजी दिसले.

त्यांचे हात खिशातच होते. पण खिसे हलत होते. आत बोटं चालली होती, अजून थोडं, अजून थोडं, कड्याकडे, बास. पँटीचं कापड ताणलं जात होतं. डावा डोळा गाडीवर होता, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पटकन मान फिरवली आणि ताईला कड्याकडे घेतलं. दगड टिकला.

गाडी सपाटीवर आली. ताईने इंजिन बंद केलं, उतरली आणि माझ्याकडे न बघता सरळ दाजींकडे गेली. ते अजून तसेच उभे होते. तिने त्यांची मनगटं धरली आणि एकेक हात खिशातून ओढून बाहेर काढला. "काढा आता," ती म्हणाली. "उतरले मी."

सोमवारी दाजी यार्डात गेले आणि तपासणीच्या खोलीत बसायच्या आधीच साहेबांना सगळं सांगून आले. मंगळवारी संध्याकाळी ते माझ्या दुकानात आले, हातात ती पँट होती. दोन्ही खिशांचं अस्तर तळाशी आरपार फाटलं होतं.

"शिवून दे," ते म्हणाले. "आणि खिसे जरा खोल कर. आता हात तिथेच ठेवायचेत."

मी नवीन अस्तर कापलं. खोल केलं नाही, आधी होतं त्याच मापाचं ठेवलं. शिवण मात्र तिहेरी घातली.